बापावर गेलेला चेहरा

माणूस हरवला की त्याचा फोटो हरवत नाही, शिळा होतो. हरवलेली पोरगी पंधरा वर्षांची होते, पोस्टरवर मात्र दोन वेण्या आणि पुढचा पडलेला दात तसाच. लोक त्या पोरीला शोधत राहतात आणि खरी पोरगी त्यांच्या शेजारून भाजीची पिशवी घेऊन निघून जाते. असं होऊ नये म्हणून बाई होत्या. बाईंचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला विचित्र. कॉम्प्युटरवर बसून हरवलेल्या माणसांना मोठं करायचं आणि वेळ आली की म्हातारं करायचं.

त्यांचं मूळ शिक्षण मात्र बरोबर उलटं होतं. एका फोटो स्टुडिओत त्यांनी निम्मं आयुष्य माणसांना तरुण करण्यात घालवलं. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून मुरुम बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, दुहेरी हनुवटी एकेरी करायची. तिथेच त्यांचं नाव 'खोडरबर' पडलं. पुढे ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं आणि खोडरबरवर दुसरी नोकरी शोधायची पाळी आली. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेत त्या लागल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, सुरकुत्या काढाव्या लागतील. बाई म्हणाल्या, त्यात काय, हात बसलेला आहे. चेहऱ्यावरून नव्हे, चेहऱ्यावर काढायच्या आहेत, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पण हात बसला, आणि असा बसला की डोळाही त्यातच गेला. बसमध्ये समोर बसलेल्या कॉलेजच्या पोराकडे बघता बघता बाई मनातल्या मनात त्याच्या गालांना खाली ओढायला लागत. घरी धाकटी बहीण होती, दोघीच राहायच्या. बाई जेवताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या की ती ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात जायची. "तू माझ्याकडे तसं बघायचं नाही," ती म्हणायची. "मला माझं माझं म्हातारं होऊ दे."

संस्थेचं ऑफिस टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. खाली टायरमध्ये हवा भरायला लागले की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. पुढच्या खोलीत जमादार बसत. पोलिसातून निवृत्त झालेला हा माणूस संस्थेचा कारभार बघायचा, फोन घ्यायचा, पोस्टर छापून आणायचा आणि उरलेल्या वेळात बाईंची थट्टा करायचा. मागच्या खोलीत बाई. तिथे एक बाक होता. त्या बाकावर आजवर किती आया रडल्या असतील, त्याचा हिशेब बाईंनी ठेवला नव्हता. एक कानाला खडा मात्र त्यांनी लावून घेतला होता. घरच्यांना काही विचारायचं नाही. पोरगं का गेलं, भांडण कुणाशी झालं, चूक कुणाची, हे जमादारांनी बघावं. बाईंनी फक्त फोटो मागायचे. हरवलेल्याचे, आणि तो आज ज्या वयाचा असेल त्या वयातले त्याच्या आईवडिलांचे.

सगळी मेख त्या दुसऱ्या मागणीत होती. कॉम्प्युटरला नुसतं सोडलं तर तो कुठल्याही पोराचा एक सरासरी गृहस्थ करून देतो, हे बाईंना पहिल्या वर्षातच कळलं होतं. माणूस म्हातारा होतो तो आपल्या घरासारखा. कुणाच्या नाकाच्या बाजूच्या रेघा वडिलांच्या असतात, कुणाची मान आईची. म्हणून बाई बापाचा चाळिशीतला फोटो उघडायच्या, पोराच्या फोटोशेजारी ठेवायच्या, आणि बापावर काळाने जे केलं ते हळूहळू पोरावर करायच्या.

टर्नरकाका आणि काकू ही जोडी बाईंच्या बाकावर अनेकदा येऊन गेलेली. काकांनी जन्मभर लेथवर लोखंड कातलं होतं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी बोटांच्या रेघांतलं काळं गेलं नव्हतं. एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला तो गेलाच. का गेला, याचं काकांकडे ठरलेलं उत्तर होतं. "डोक्यात राख घालून गेला. वयच तसलं." काकू त्यावर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसायच्या. बाईंनी वडिलांचे फोटो मागितले तेव्हा काकांनी पिशवीभर आणून टेबलावर ओतले होते. लग्नातला, कारखान्याच्या गेटवरचा, स्कूटरवरचा. दर काही वर्षांनी ते दोघं यायचे, बाई मुलाला पुढे सरकवायच्या, नवं पोस्टर निघायचं आणि आसपासच्या गावांच्या बस स्टँडवर लागायचं. मुलगा दरवेळी थोडा अधिक काकांसारखा दिसायला लागला. शेजारीपाजारी पोस्टर बघून म्हणायचे, अगदी बापावर गेलाय. काका हे ऑफिसात येऊन सांगायचे, बक्षीस मिळाल्यासारखे.

या खेपेला मुलगा चाळिशी ओलांडणार होता. काकांचे त्या वयातले फोटो बाईंनी पुढ्यात घेतले आणि त्यांना एक अप्रिय निर्णय घ्यावा लागला. काकांना त्या वयात टक्कल पडलेलं होतं. बाईंनी मुलाचं कपाळ मागे नेलं, मधे विरळ केलं, कानांवर तेवढे केस ठेवले. मग दोघांना आत बोलावून स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

काका खदखदून हसले आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "घ्या. आमच्याकडून दुसरं काय मिळणार होतं त्याला."

काकू पुढे वाकून बघत होत्या. "थोडे केस ठेवता नाही येणार?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या आया हेच म्हणतात, काकू," बाई म्हणाल्या. त्या हे दर आठवड्याला कुणाला ना कुणाला म्हणायच्या. काकू मागे सरकून बसल्या. पोस्टर छापायला गेलं.

ते लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी जमादार बँकेत गेलेले, म्हणून फोन बाईंनी घेतला.

"हरवलेल्यांचं ऑफिस ना?" पुरुषाचा आवाज. मागे गाड्यांची ये-जा.

"बोला."

"तुमच्या पोस्टरवर माझं नाव आहे. चेहरा माझा नाही."

असल्या फोनांनी बाईंच्या नाकी नऊ आणलेले होते. पोस्टर लागलं की रिकामटेकड्यांना ऊत यायचा. जमादारांनी शिकवून ठेवलं होतं, रागवायचं नाही, बोलतं ठेवायचं. बाईंनी कोरडेपणाने विचारलं, "कुणाचा आहे मग?"

"बाबांचा. तुम्ही आमच्या बाबांना जरा तरुण केलंय आणि खाली माझं नाव टाकलंय."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. पोस्टर कोणतं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. पण खात्री करायला हवी होती. पोस्टरवर गळ्यापर्यंतचाच चेहरा असायचा, कपडे बाई स्वतः बसवायच्या. मूळ फोटो घरच्यांशिवाय कुणी बघितलेला नव्हता. "मूळ फोटोत तुम्ही काय घातलंय?" त्यांनी विचारलं.

"बाबांचा कोट," आवाज लगेच म्हणाला. "बाही लांब होत होती म्हणून आईने आतून दुमडून टाचणी लावली होती. डाव्या मनगटापाशी टाचणीचं टोक बाहेर आलंय. बघा नीट."

बाईंनी रिसीव्हर खांद्यात धरून मूळ फोटो उघडला आणि मनगट मोठं केलं. तिथे एक चमकता ठिपका होता. इतकी वर्षं बाई त्याला धुळीचा कण समजत आल्या होत्या.

या खुर्चीत बसून त्यांनी इतक्या माणसांना मोठं केलं, पण त्यातलं कुणी कधी फोन करून बोललं नव्हतं. "तुम्ही जिवंत आहात," त्या म्हणाल्या.

"आहे बुवा अजून."

"अहो, तुमचे आईवडील..."

"त्यांना निरोप द्या. सांगा, मला टक्कल पडलेलं नाही. आणि पडायचं कारणही नाही, कारण मी त्यांचा मुलगा नाही. दुसऱ्याचा आणलेला आहे. हे त्यांना माहीत आहे. मलाही कळलं होतं, बाहेरून. घर सोडलं त्याच्या आदल्या दिवशी मी बाबांसमोर उभं राहून विचारलं. मला राग नव्हता आला हो. फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तर म्हणाले, कोण म्हणतो, तू माझाच आहेस. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्या माणसावर मी परत विश्वास कसा ठेवायचा? आणि आता एवढ्या वर्षांनी आमच्या इथल्या स्टँडवर उतरतो तर भिंतीवर काय? परत तेच. तू माझाच. आता तर चेहऱ्यासकट."

"चेहरा त्यांनी नाही हो केला, मी..." बाई म्हणायला गेल्या.

"पोस्टर काढून टाका. इथे लोक मला नावाने ओळखतात, नाव वाचून विचारायला लागलेत. नाही काढलंत तर मी गाव सोडेन आणि नावही बदलेन. मग कुणाला शोधताय बघू."

फोन बंद झाला. नंबर आलाच नव्हता. बाईंनी रिसीव्हर ठेवला. स्क्रीनवर त्यांनीच केलेला तो चेहरा होता, त्यांच्या मते त्यांचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. नाकाच्या बाजूची रेघ, भुवईचा उतार, मागे गेलेलं कपाळ. एकेक गोष्ट त्यांनी काकांवरून उचलून त्या पोरावर ठेवली होती. तो पोरगा वीस वर्षं ज्या एका वाक्यापासून पळत होता, ते वाक्य बाईंनी त्याच्या तोंडावर लिहून गावोगाव चिकटवलं होतं. त्यांना स्वतःचीच चीड आली.

जमादार परतले तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. जमादारांची थट्टा त्या दिवशी बंद पडली. "पोस्टर काढलं तर त्याला वाटेल पीडा टळली, तो परत फोन करणार नाही," ते म्हणाले. "ठेवलं तर तो नाव बदलून गायब होणार. दोन्हीकडून आपलीच पंचाईत."

"त्या जागी दुसरं काही लावलं तर?"

"काय लावणार? तो कसा दिसतो ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

नव्हतं. तेच तर दुखणं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू आले. मुलगा जिवंत आहे, हे जमादारांनी आधी सांगितलं. काकूंनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. काका उभे होते ते उभेच राहिले आणि पुन्हा पुन्हा "कुठे आहे" विचारत राहिले. मग बाईंनी उरलेला निरोप दिला. शब्द मागेपुढे केले नाहीत, कारण तसं करायची ही वेळ नव्हती.

काकांचा चेहरा असा बंद झाला की बाईंना त्यात काही वाचता येईना. चेहरे वाचण्यावर त्यांचं पोट चालत होतं, तरीही. "कुणीतरी चेष्टा केलीय," काका म्हणाले. "असले भिकार लोक असतात. तुम्हीच सांगत असता."

"त्यांनी टाचणीचं सांगितलं, काका. कोटाच्या बाहीतली."

"बघितलं असेल कुणी."

"कुणी बघितलेलं नाही. मी एवढी वर्षं फोटो उघडतेय, मलाही दिसली नव्हती."

"मग तोच असेल. पण बाकीचं खोटं आहे. तो माझा आहे."

आणि बाईंनी कानाला लावलेला खडा काढून टाकला. "काका, मी आजवर तुम्हाला काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो चढू दिला. "आज विचारते. मी तुमचे फोटो मागितले तेव्हा तुम्ही का दिलेत? तोंडाने सांगायचं नव्हतं तर सांगू नका, पण फोटो सापडत नाहीत म्हणायचं होतं. मी चुकीचा माणूस तयार केला. तुम्ही दोघं इथे बसून बघत होतात. खरा मुलगा या पोस्टरखाली येऊन उभा राहिला असता तरी त्याला कुणी ओळखलं नसतं."

खाली टायरमध्ये हवा भरणं चालू होतं. काका खिडकीकडे तोंड करून उभे. बोलल्या त्या काकू.

"आठवलंच नाही हो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला खोटं वाटेल. दोन महिन्यांचा होता, आणला तेव्हा. आम्ही ते गावच सोडलं, कुणाला कळू नये म्हणून. यांच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा माहीत नाही. मला दिवस गेलेत, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. काय त्रास झाला, किती कळा दिल्या, सगळं सांगायचे. सांगून सांगून मलाच ते खरं झालं. तुम्ही म्हणालात वडिलांचे फोटो आणा, आम्ही आणले. घरी जाताना बसमध्ये हे म्हणाले, बघ, माझं नाक आलंय. मी म्हटलं, हो. आम्हा दोघांनाही आठवलं नाही. परवा तुम्ही टक्कल दाखवलंत तेव्हा मला आत कुठेतरी खुपलं. पण काय खुपलं ते कळेना. म्हटलं, आई आहे म्हणून वाटत असेल."

त्या रडत नव्हत्या. बाईंना ते रडण्यापेक्षा जड गेलं.

"मी विसरलो नाही," काका खिडकीकडे बघतच म्हणाले. "तो आणलेला आहे हे मला कधी खरंच वाटलं नाही. त्याने विचारलं ना, त्या दिवशी, तेव्हा मला वाटलं याला कुणीतरी फितवलंय. मी खोटं बोलतोय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझाच आहेस म्हणालो तर ते खरंच होतं. मला त्यात खोटं काय ते अजून कळत नाही."

"तुमच्या मुलाला कळत होतं," बाई म्हणाल्या.

काका वळले. सत्तरी गाठलेला माणूस, पण बाईंना त्या क्षणी तो एखाद्या मार खाल्लेल्या पोरासारखा दिसला. "आता कसा काढणार त्याला?" त्यांनी विचारलं. "माझं सगळं पुसून टाका. नाक, कपाळ, सगळं. नव्याने काढा."

"कशावरून काढू? माझ्याकडे त्याचं पुढचं काहीच नाही. एकोणीस वर्षांचा आहे, त्यापुढे कोरं."

मग काकांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. नव्याने नोंद होणाऱ्या नातेवाइकांचे फोटो त्या स्टुलावर बसवून काढायचे. ते भिंतीला पाठ लावून त्यावर बसले आणि बायकोला म्हणाले, "इकडे ये. उभी राहा माझ्या शेजारी."

"आपला फोटो कशाला?"

"त्याचा नाही ना. मग आपला लावू. आपण हरवलोय म्हण." आणि जमादारांकडे बघून, "खाली लिहा. मी सांगतो ते."

काकांनी सांगितलं ते जमादारांनी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, आणि वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे स्टँडवर लागेल. तुमच्या गल्लीतली माणसं रोज तिथून बस पकडतात. बहिणीला कळेल. त्याला सांगायचं ते त्याचा फोन आला की सांगा ना. उभ्या जगाला कशाला?"

"त्याचा फोन येणारच नाही म्हणताय ना तुम्ही? मग?" काका म्हणाले. "आणि कानात सांगितलेलं तो आता मानणार नाही. कानात मी त्याच्याशी एकदा बोललोय."

काकूंनी मान डोलावली. त्या मनातून हादरलेल्या दिसत होत्या, पिशवीचा बंद बोटाला करकचून आवळला होता. पण नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. केसांवरून हात फिरवला. "जरा डोळ्यांखालचं..." त्या बाईंना हळूच म्हणाल्या.

"नको," काका म्हणाले. "काही करू नका, बाई. आहे तसं राहू दे."

बाईंनी फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून बघितला. काकांचे गाल आत गेलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची राख, काकूंच्या ओठांभोवती चुण्याच चुण्या. बाईंची बोटं सवयीने माउसकडे गेली. त्यांनी हात मांडीखाली घेतला आणि फोटो तसाच जमादारांकडे पाठवला.

जुनी पोस्टर उतरली, त्याच जागी नवी लागली. वर म्हातारा-म्हातारी आणि खाली ठळक अक्षरांत चार ओळी. 'तू विचारलं होतंस. तुला कळलं होतं ते खरं होतं. तू आमच्या पोटचा नाहीस, आणि मी तोंडावर नाही म्हणालो. चूक माझी. बाबा.'

पुढचे दिवस बाईंना धड झोप लागली नाही. फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. फोन यायचे, पण भलतेच. काकांची बहीण जमादारांना अर्धा तास बोलली, घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत म्हणून. कुणी म्हणायचं, शाबास. कुणी म्हणायचं, लाज सोडलीय. एक गृहस्थ तर नुसते हसले आणि फोन ठेवला. ज्याचा यायला हवा त्याचा येत नव्हता. त्याने गाव सोडलंही असेल. नाव बदललंही असेल. अशा माणसाला मग पृथ्वीच्या पाठीवर कुणी शोधू शकत नाही, हे या धंद्यात मुरलेल्या बाईंना चांगलं माहीत होतं. त्या इतर चेहऱ्यांवर काम करायला बसायच्या आणि बापाचा फोटो उघडला की त्यांचा हात आखडायचा. हा खरंच बाप आहे का? आता बाई बाकावर बसलेल्या प्रत्येकाला विचारायच्या. दोन बायका त्यावरून उठून गेल्या.

काका मात्र ऑफिसात यायचे बंद झाले होते. ते सकाळी डबा घेऊन थेट स्टँडवर जायचे. आपल्या शहरातल्या पोस्टरवर कुणीतरी पहिल्याच दिवशी काकूंना मिशा काढल्या होत्या. तेव्हापासून काका त्या भिंतीखालच्या कठड्यावर राखण करत बसायचे. लोक वाचायचे, वर बघायचे, मग खाली काकांकडे बघायचे. काका म्हणायचे, "हो, मीच."

एका दुपारी फोन वाजला. जमादार समोरच होते, तरी बाईंनी झडप घालून उचलला.

"तो फोटो कधीचा आहे?" तोच आवाज.

बाईंनी दुसऱ्या हाताने टेबल धरलं. "आत्ताचा. तुमच्या फोननंतर काढलेला."

"त्यात काही केलंय का तुम्ही?"

"नाही. हात लावलेला नाही."

पलीकडे एक बस निघाली, तिचा आवाज सगळ्या आवाजांवरून गेला. मग तो म्हणाला, "मला वाटलं, म्हातारं दाखवलंय मुद्दाम. दया यावी म्हणून. तुम्ही तेच काम करता ना. म्हटलं, एवढे कसे होतील. खात्री करायला आलो."

"कुठे आलात?"

"इथेच. तुमच्या स्टँडवर." त्याने आवाज खाली आणला. "फोटोतल्यासारखेच दिसतायत. तसेच आहेत."

बाईंनी जमादारांकडे बघितलं. जमादार उठून उभे राहिले होते. बाईंनी त्यांना हातानेच बसवलं. आता कुणी धावत गेलं असतं तर सगळं विस्कटलं असतं.

"मग पुढे व्हा ना," बाई म्हणाल्या.

"मला ओळखणार नाहीत ते. मी त्यांच्यासमोरून एकदा गेलो आत्ता. माझ्याकडे बघितलंसुद्धा. कसे ओळखतील? इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा टकल्याच असणार."

"तुम्ही त्यांना ओळखलंत ना?" बाईंचा पारा चढला, आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "मग तुम्ही पुढे व्हा. तुमचा चेहरा करायला माझ्याकडे काही नाही. तुम्हालाच न्यावा लागेल तो."

फोन बंद झाला नव्हता. बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. चालण्याचा आवाज येत होता. कपड्याची सळसळ, कुणाचं तरी लहान मूल, लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीची घोषणा. मग पावलं थांबली, आणि लांबून, अगदी बारीक, काकांचा आवाज आला, अनोळखी माणसाशी बोलतात तसा.

"वाचायचंय का भाऊ? थांबा, मी सरकतो जरा."

"वाचलंय मी, बाबा," तो म्हणाला.